बिबट्याच्या पेटीचं बटण

बाबा,

बिबट्याच्या पेटीखालचा हीटर चालू केलाय, त्याच्या बटणाला हात लावू नका. आपला बिबट्या, म्हणजे हा लेपर्ड गेको, तुमच्या लेखी नुसती पाल असेल, पण खालून ऊब मिळाली नाही तर त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणूनच वाढ खुंटलीय, असं डॉक्टर म्हणाले. ‘हीटर तूच बंद करतोस,’ असं म्हणत काल मी दादाला नाही नाही ते बोलले. तो शपथा घेत होता आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. शेवटी तो रागाने मावशीकडे निघून गेला.

आज फिरायला निघताना सवयीने घरभर बटणं बंद केलीत, त्यात हेही केलंत. मी बघितलं.

दादाला आणायला चाललेय. काल गप्प का बसलात, ते तुम्हीच सांगा त्याला.

धाकटी