वीस सेकंदांचं प्रूफ

३ मार्च

लिहायला बसले ती एवढ्यासाठी, की काल धाकटी म्हणाली, "ताई, तू नाही म्हणत नाहीस आणि हो पण म्हणत नाहीस." मी म्हटलं, असं मी कधी केलं? म्हणाली, "आत्ताच!" यापुढे कोण काय म्हणालं ते कागदावर राहील.

मुद्दा असा. मेहुणे गेले तेव्हा धाकटीसाठी मागे उरली ती एवढीच पुंजी — फोनमधली क्रिप्टोची टोकनं. हाताला न लागणारी, रोज भाव बदलणारी. त्यांचं कुलूप उघडणारे बारा शब्द एका कागदावर. तेव्हा धाकटीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. फोन आणि कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तूच ठेव." ठेवले. चौदा महिने झाले. ती माझ्याकडेच राहते, आणि आता तिला दोन गल्ल्या सोडून चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घ्यायची आहे. अनामत पंधरा तारखेपर्यंत. त्यासाठी ही टोकनं आधी भाव न हलणाऱ्या टोकनात बदलायची, मग त्यांचे पैसे बँकेत.

वेगळी खोली कशाला, ते मी विचारलं नाही. उत्तर मिळालंच. "तुझ्या घरात मला खिडकीसुद्धा विचारून उघडावी लागते."

अतिशयोक्ती! फक्त उत्तरेकडची.

४ मार्च

धाकटीची मुलगी परगावी नर्स आहे. तिने फोनवरून शिकवलं. बटण दाबण्याआधी पडद्यावर येतं — एवढी द्याल, अंदाजे एवढी मिळतील, कमीत कमी एवढी, शुल्क एवढं. याला प्रीव्ह्यू म्हणतात. म्हणजे प्रूफ! एकतीस वर्षं छापखान्यात मी दुसरं काय केलं?

भाची म्हणाली, "मग बघायचं आणि दाबायचं, मावशी. झालं."

बघायचं! प्रूफ बघत नाहीत, वाचतात.

५ मार्च

छापखान्याची रीत — एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदाशी ताडायचं. मी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. धाकटी वाचायला लागली. पहिला आकडा दशांश चिन्हापर्यंत आला आणि थांबली.

"ताई, हलला."

"काय हलला?"

"आकडा. वेगळाच झाला."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हलला. असं अकरा वेळा! शेवटी भाचीला फोन लावला. तिला हसू आवरेना. "मावशी, तो भाव वीस सेकंदांपुरता असतो! वहीत काय उतरवतेस?"

पान वाचत असताना मजकूर बदललेला मी जन्मात पाहिला नव्हता. लेखक ऐनवेळी मजकूर बदलायचे, पण त्यांना निदान दाराबाहेर थांबवता यायचं.

६ मार्च

ज्यावर "अंदाजे" लिहिलंय त्याला मंजुरी कशी देणार? आज नाही.

९ मार्च

आज मी होते म्हणून निभावलं. बदल्यात घ्यायच्या टोकनांच्या यादीत एकाच नावाची दोन, चित्रही तेच. धाकटीने वरचं निवडलं. बोट बटणाकडे निघालं होतं. म्हटलं, थांब! प्रत्येक टोकनाचा एक लांबलचक पत्ता असतो, आकडे आणि अक्षरं यांची नुसती खिचडी. खरा पत्ता भाचीने पाठवून ठेवला होता. सुरुवात तंतोतंत जुळत होती. मी शेवटाकडून वाचायला घेतला. चुका पकडायच्या तर उलटं वाचावं. सरळ वाचताना डोळा पुढचं गृहीत धरतो. तिसऱ्याच अक्षराला फरक! नक्कल निघाली. दाबलं असतं तर मेहुण्यांची सगळी कमाई देऊन कवडीमोलाचा बिल्ला हाती आला असता.

भाचीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "मावशी, मी आता हसणार नाही." धाकटीने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळभर उत्तरेची खिडकी उघडी होती. विचारून उघडलेली नव्हती.

१० मार्च

खरं टोकन निवडलं. पत्ता उलटा वाचला, बरोबर. शुल्काचा चौथा दशांश खटकला. थांबलो.

११ मार्च

माझ्या चष्म्याचा नंबर बदलला असावा. थांबलो.

१२ मार्च

आज भाव थोडा खाली. म्हटलं, दोन दिवसांत चढेल.

धाकटी म्हणाली, "मला भाव नकोय ताई, खोली हवी आहे." काल कोणी जोडपं खोली बघून गेलं म्हणे. माप घेऊन गेलं.

भाचीचा फोन. "मावशी, प्रूफ कधीतरी छापायला पाठवतात ना?" उद्धट! ही आईवर गेलेली नाही. कुणावर गेली ते मला ठाऊक आहे.

१३ मार्च

वाचलं. थांबलो. धाकटी आज भांडली नाही. आकडे सावकाश, स्पष्ट वाचत राहिली, शाळेतल्या मुलीसारखी. हलला की न सांगता पहिल्यापासून. मग फोन माझ्यापुढे ठेवला, "परवा पंधरा आहे," म्हणाली, आणि कपाटातले आपले कपडे घड्या घालून पलंगावर रचायला लागली. तिच्या घड्या वाकड्याच असतात. मी उठून सरळ केल्या नाहीत.

१४ मार्च

आजच्या प्रूफात चूक नाही. कालच्यातही नव्हती. दहा तारखेपासून एकातही नव्हती.

सकाळी दहा वाजता धाकटीने बटण दाबलं, मग पैसे बँकेत. दुपारी तिच्या हवाली केलं — फोन, बारा शब्दांचा कागद, आणि माझ्या चार पातेल्यांपैकी दोन, झाकणांसकट. पातेली तिने मागितली नव्हती.