मांडवातला फेटा

आकारामदादा,

मेढ्याहून शालूचा रामराम. दरसाल पाया पडते म्हणून लिवते, औंदा लिवत न्हाई.

लढाईवरनं सुटलेल्या शिपायाला काम मिळंपतुर सरकार भत्ता देतं. ह्यांचा भत्ता काल बंद झाला. काम करून मजुरी घेतली, असा कागद आला, आन् खाली सही कारकुनाची, म्हंजे माझ्या सख्ख्या भावाची!

काम कोणतं? तर तुझ्या सुमनच्या लग्नाचा मांडव. "दाजी, तुमीच हात लावा," म्हणून औंधला तूच बोलावलंस. एका धड हातानं त्येनी डांब पुरलं. आन् मजुरी कोणती? भर मांडवात तू त्येंच्या डोक्याला बांधलास तो फेटा! जावयाचा मान म्हणून बांधायचा आन् कचेरीत जाऊन मजुरी म्हणून लिवायचा? सायबाला इमानदारी दाखवायला बहिणीचंच घर घावलं व्हय रं?

खरं सांगते. हे लोणंदच्या बाजारात आठवड्यातनं एक दिस पोती शिवत्यात आन् त्याचं पैसं बी घेत्यात. त्यापायी भत्ता तोडला असतास, तर मी तोंड मिटून बसले असते. पन ते तुला ठावंच न्हाई.

हे म्हनत्यात, "जाऊ दे, त्याची बी नोकरी हाय." म्हणून हे पत्र टाकत न्हाई. भाऊबीजेला तू येशीलच. मी ओवाळीन. पन ताटात ओवाळणी टाकू नगंस, दादा. तुझी कचेरी ती बी माझी मजुरी म्हणून लिवंल.

तरीबी तुझीच,
शालू