फक्त त्याची मूठ

प्रिय ताई,

मोबाईल हाताशी असताना ही बया कागदावर काय लिहीत बसलीय, असं म्हणशील. कागद जागचा हलत नाही आणि तुला गरगरत नाही, म्हणून. माझं बरं चाललंय. काम अजून तेच, ॲपमधले फोटो आणि बटणं कशी सरकावीत ते ठरवायचं. फोटो वर येताना झपकन यावा, थांबताना मात्र सावकाश, नाहीतर आपटल्यासारखा दिसतो. एवढ्यासाठी मी आठवडा घालवते, म्हणून आमचे हे म्हणतात की फुकटचा पगार खातेस.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. रडत होती गं. बाळाचे एवढे फोटो टाकले, आईनं एकही उघडला नाही, बाळाचा विषय काढला की भलतंच बोलते, माझ्या लग्नाचा राग अजून गेला नाही तिचा, म्हणाली. अगदी ओठांवर आलं होतं की अगं वेडे, राग कसला, आजारपणात तिच्या कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडलाय, समोर काही सरकलं की तिला ओकारी येते. पण पोर तिकडे काळजी करेल म्हणून तू शपथ घातलीस ना! बाळ रात्री झोपतं का, तेच विचारत बसले. मला तुझा भयंकर राग आला, ताई. लहानपणी गुडघा फुटला तरी फ्रॉक ओढून लपवायचीस, अजून तशीच आहेस.

मग कामाला लागले. ती फोटो टाकते ते ॲप आमचंच. त्यात एक बटण बसवलं, ते दाबलं की काही सरकत नाही, उडत नाही, एक चित्र जाऊन दुसरं अलगद उमटतं. साहेब कुरकुरले, एवढं नाचवलेलं सगळं बंद करायचं? म्हटलं, हो, माझ्या ताईला बघायचंय. फिरत्या खुर्चीत गरगर फिरून, डोकं भणभणत असताना मी ते स्वतः बघून घेतलं. सगळं ऑफिस खिदळत होतं.

सोबत माझा जुना फोन पाठवतेय, बटण दाबूनच ठेवलंय. उशीला टेकून बस आणि उघड. नाहीच सोसलं तर ठेवून दे, पण लेकीला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, शपथ गेली खड्ड्यात. आधी मात्र पहिला व्हिडिओ बघ. बाळ झोपलंय. बाकी सगळं मी थांबवलंय गं, फक्त त्याची मूठ उघडते आणि मिटते.

तुझीच,
भांडून पुन्हा तुझ्याच पांघरुणात शिरणारी
धाकटी