पोपटी पातळ

मेहरूण, जळगाव
१३ फेब्रुवारी १९६८

प्रिय कमल,

मेट्रनबाईंशी बोलून तू माझ्यासाठी धुळ्याला नर्सची जागा धरून ठेवलीस, आणि मी तुला साधं हो-नाही कळवत नाही. रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे.

मी इथे बन्सीलाल डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते. पुड्या बांधते, बाटल्यांत औषध भरते, वर डोसाची कागदी पट्टी कातरून चिकटवते. नर्सिंग शिकून हेच का, असं तुला वाटेल. मलाही वाटतं. डॉक्टर म्हणतात, कंपाउंडरची परीक्षा द्या, घरच्या घरी राहाल, शिवाय नेसण्याचं काही बंधन नाही. ते शेवटचं ऐकलं की माझी मान खाली जाते.

कमल, मला टायफॉइड झालाच नव्हता. तापामुळे इथली नोकरी हुकली असं तुला कळवलं, ते साफ खोटं. रुजू व्हायच्या दिवशी मी युनिफॉर्मचं पांढरं पातळ नेसून ओट्यावर आले. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून शेजारणींच्या देखत म्हणाल्या, "मना आंडोर जित्ता शे ना व? मंग हाई धवळं कसाले?" त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, दारातच होते. चपलेचा अंगठा नीट करत बसले. मी आत जाऊन पातळ बदललं आणि गेलेच नाही. पुढे सासूबाईंनी ते रंगाऱ्याकडून पोपटी करून आणलं. रंग पक्का बसलाय, मेला जात नाही. तेच नेसून मी पुड्या बांधते.

हे तुला कोणत्या तोंडाने लिहिणार होते? होस्टेलवर पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पांढऱ्यात अवघडून उभ्या होतो. तू हसून म्हणालीस, "मला काय, नवरा गेल्यापासून सवयच आहे." आणि माझ्या निऱ्या तूच घालून दिल्यास. सासूबाईंना मी एवढं तरी सांगायचं होतं की माझी कमल हेच नेसते आणि अख्खा वॉर्ड तिची वाट बघतो. नाही सांगितलं. उलट आरशासमोर जाऊन कुंकू आणखी मोठं लावलं. सासूबाईंचं सोड, मीच घाबरले होते, तुझ्यासारखी होईन म्हणून. लिहितानासुद्धा लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सोमवारी सकाळच्या एसटीने निघतेय. ह्यांना सांगितलं. म्हणाले, स्टँडवर पोचवतो, आईचं मी बघतो. घरातून पोपटी नेसूनच निघेन, माझ्याकडे आता पांढरं नाही. तुझं एक देशील का नेसायला? हे वाचून नको वाटलं, तर मेट्रनबाईंना सांग, शेवंता कंपाउंडर झाली. मी आल्या गाडीने परत जाईन. पण दिलंस, तर निऱ्या तूच घाल.

तुझीच,
शेवंता