ती आधीच येऊन गेली

रविवार, २ मार्च
अखेर स्वतःची खोली. पहिला मजला, जिना बाहेरून, आणि खिडकीसमोर टेबल अगदी बसवल्यासारखं बसलं. दादाने सामान वर चढवलं, घाम पुसला आणि निघताना बजावलं, इथे तरी कुणाशी भांडू नकोस. घरात मला लवंगी म्हणतात. चाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलेलं नाही. मी म्हटलं, खोलीत मी एकटीच, भांडणार कुणाशी?

खाली मालकीणबाई राहतात. त्यांनीच सांगितलं की कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात एका भिंतीवर तारा बांधल्यात. रविवारी सकाळी ज्याला वाटेल त्याने आपलं चित्र चिमटा लावून टांगावं. परीक्षक नाही, बक्षीस नाही. मला तर हे ऐकूनच चित्रं काढायची भूक लागली.

गुरुवार, ६ मार्च
नवीन काम जमतंय. कवळ्या बनवायचा छोटासा कारखाना आहे. मेणाचे दात बसवायचे, कोरायचे, रंग जुळवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या दातांची नक्कल. म्हणून घरी आल्यावर हात मोकळा सोडते.

आज नळाखालची बादली काढत बसले होते. कागदामागून कागद वाया. शेवटी वैतागून पेन्सिल टेकवली ती उचललीच नाही. एका रेघेत काठ, कडी, खालचा पोचा, सगळं. आणि बादली एकदम माझी दिसायला लागली. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही अशी.

आई असती तर म्हणाली असती, चित्रं कसली काढतेस, चार भांडी घास. आई, भांडंच काढलंय बघ.

रविवार, ९ मार्च
बादली टांगली. वायरमनकाका निवृत्त आहेत, फक्त जहाजं काढतात आणि समुद्र कधी पाहिलेला नाही. ते चष्मा कपाळावर चढवून माझ्या चित्रासमोर उभेच राहिले. नर्सताई मांजरं रंगवते. ती म्हणाली, पाणी न काढताही बादली भरलेली आहे हे कळतं. फ्रेमवाल्याने विचारलं, ही रेघ कुठे शिकलात? कुठेच नाही, म्हटलं. जिना चढताना मी चक्क गुणगुणत होते.

रविवार, १६ मार्च
डोकं ठणकतंय.

आठवडाभर राबून खुर्ची काढली होती. पाठीवर ओला टॉवेल टाकलेली माझी खुर्ची, एका रेघेत. दुकानात गेले तर ती भिंतीवर टांगलेली. तीच खुर्ची, तोच टॉवेल, टॉवेलची फाटकी किनारसुद्धा. फ्रेमवाला म्हणाला, कुणीतरी काल संध्याकाळी आत सरकवून गेलं, कोण ते पाहिलं नाही. मी माझं चित्र बाहेर काढलं आणि सगळे एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. नर्सताईने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, अगं, नक्कल करतच शिकतो आपण सगळे.

मी नक्कल केली? माझ्या खुर्चीची? माझ्याच घरातल्या टॉवेलची? तिथल्या तिथे ओरडले. मग वाटलं, ओरडल्याने आणखीच चोर दिसले असेन.

सर्वांत जास्त संताप याचा की ते भिंतीवरचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं होतं.

शनिवार, २२ मार्च
रेघ सोडली. घ्या म्हणावं, लखलाभ. आता कोळसा, आणि तोही डाव्या हाताने. खिडकी बंद, पडदा ओढलेला, कागद गादीखाली. मालकीणबाईंनाही दाखवलेलं नाही. जिना काढलाय. ओबडधोबड, पण माझा.

रविवार, २३ मार्च
टांगलेला होता. जिना. कोळशाचा. डाव्या हाताचा.

वायरमनकाकांनी बाजूला नेऊन हळूच सांगितलं, पोरी, लोकांसमोर शोभत नाही, आपलं आपलं काढावं. पोरी म्हणाले. एवढ्या मायेने चोर ठरवलं मला. मी भिंतीवरचं चित्र ओढून काढलं आणि फाडलं. त्यांचं एक जहाजही मधे आलं, तेही फाटलं. काका खाली बसून तुकडे वेचायला लागले.

फ्रेमवाला म्हणाला, काही दिवस येऊ नका.

मंगळवार, २५ मार्च
राग गिळून माफी मागायला गेले. जहाजासाठी. चित्रासाठी नाही.

फ्रेमवाला हसला. म्हणाला, ताई, किती वेळा माफी मागाल, काल येऊन गेलात ना. काल मी आले, म्हणे. काकांच्या पाया पडले. अर्धा तास गप्पा मारल्या आणि बसल्या बसल्या त्याचं चित्र काढून दिलं. त्याने ते काचेत लावलंय. एका रेघेत. डोळ्यांत झोप आहे, ओठांवर हिशेबी हसू, आणि तरी माणूस आवडतो.

काल मी दिवसभर मेणात दात रोवत होते. मी हे सांगायला लागले तसं त्याचं हसू गेलं. म्हणाला, कालच्या तुम्ही बऱ्या होतात.

गुरुवार, २७ मार्च
मालकीणबाईंनी विचारलं, दुपारी तुम्ही गात होतात ते गाणं कुठलं. दुपारी मी कारखान्यात होते.

कुलूप बदललं. नवीन किल्ली गळ्यात घातली आहे.

कारखान्यात साहेब म्हणाले, हल्ली तुमचा स्वभाव किती निवळलाय. कधी बोलले मी यांच्याशी?

शनिवार, २९ मार्च
दादाचा फोन. म्हणाला, काल तुझा फोन आला, रात्रभर बरं वाटत होतं. तू वहिनीशीसुद्धा बोललीस. आईच्या आजारपणात मी आलो नाही, ते तू माफ केलंस. किती वर्षांनी माझ्यावर ओरडली नाहीस.

मी माफ केलेलं नाही. ते माफ करायचं की नाही हे मी ठरवणार. आईला कुशीवर मी वळवत होते. माफ करणारी ती कोण लागून गेली? मी हे सगळं ओरडून सांगितलं.

तो मग एवढंच म्हणाला, परत तेच का गं? कालची होतीस तशीच राहा ना.

फोन ठेवला त्याने.

रविवार, ३० मार्च, सकाळ
दुकानात गेले नाही. दार आतून बंद. कारखान्यातली मेण कोरायची सुरी टेबलावर आहे.

चित्रं घेतली. भिंत घेतली. फ्रेमवाला, काका, साहेब. आता दादा. आणि सगळ्यांना ती आवडते. हेच तर — सगळ्यांना तीच आवडते. मी कुणालाच —

राग तेवढा माझा आहे. तो तिला जमत नाही. तो मी सोडणार नाही.

दुपार
दाराखालून कागद आत आला.

माझा चेहरा. ओरडतानाचा. मानेच्या शिरा, वाकडं तोंड, सगळं एका रेघेत. मी इतकी कुरूप दिसते आणि इतकी खरी. असं मला या जन्मात जमलं नसतं.

रागसुद्धा तिलाच जास्त —

खाली हसणं. माझं हसणं. मालकीणबाई विचारताहेत, चहा घेऊन वर जाता का? हो म्हणाली. काय गोड म्हणाली.

जिन्यावर पावलं. सावकाश. गुणगुणत.

मी घाबरलेली नाही. मी फक्त इतकी चिडले आहे की पेनाने कागद —

कुलपात किल्ली. माझी तर गळ्यात आहे. आहे. हाताला लागते आहे.

कडी आपोआप —

दोन कप आणलेत तिने. टेबलावर ठेवले. सुरी उचलून बाजूला ठेवली, मूल खेळणं टाकून गेलं की आई ठेवते तशी.

रागावलेली नाही. मान वाकडी करून हे वाचते आहे. म्हणते, किती दमलीस गं, दे ते पेन इकडे, पुढचं मी लि