धोंड्याच्या वाणाला जाड ॲक्सल

उस्ताद, तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली. आज तुमच्याशी बोलायला बसलो, कारण जित्या माणसांशी बोलायची मला शिसारी आली आहे.

यंदा धोंड्याचा महिना श्रावणात पडला, ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत. जावयाला वाण द्यायचं म्हणून बायकोनं चांदीचं निरांजन आणून ठेवलं, तर जावई म्हणतात, "मामाजी, निरांजन कायले? माझ्या जीपले जाड ॲक्सल टाकून द्या. घरचंच गॅरेज आहे." जुनी जीप घेऊन त्यांनी तिला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले आहेत. रविवार आला की मित्रांना घेऊन चिखलात घालायची, घरघर करायची, मोबाईलवर व्हिडिओ काढायचे. गेल्या रविवारी आमच्या आंधळगावच्या तलावाखाली एका बांधीत, धानाच्या खाचरात घातली. रिकामी नव्हती हो ती. रोवायला वाढवलेली धानाची रोपं, पऱ्हे उभे होते तिथं. अर्धे चाकाखाली कुटले गेले आणि मागचा ॲक्सल तुटला, म्हणून अर्धे वाचले. मी गाडी ओढायला गेलो तेव्हा बांधीवाली बाई लोळलेली रोपं एकेक उचलून धुऊन बघत होती. मला म्हणाली, "काहून भाऊ, आमचा रोवना बाकीच होता, तुमच्या जावयानं त आधीच उरकून टाकला!" मागं उभे मित्र फिदीफिदी हसले. जावईही हसले. पानावर बसल्यावर ताटात केस निघावा, तसं झालं मला. दुसऱ्या दिवशी बायकोनं माहेरच्या शेतातून पऱ्ह्यांच्या पेंड्या आणून त्या बाईच्या बांधावर ठेवल्या. मी सोबत गेलो, पण मान वर करवली नाही.

तेव्हापासून नाकाडोंगरीचं तुमचं पत्र्याचं गॅरेज डोळ्यांपुढून हलत नाही. मी विणकराचा पोर, मागावरून उठून तुमच्या हाताखाली आलेला. जंगलातल्या वाटेची सवारी जीप ॲक्सल तोडून आली आहे, तुम्ही जेवायला गेला आहात. घरी तुटलेला धागा सांधायची सवय, तीच मी लोखंडाला लावतो. दोन्ही तुकडे वेल्डिंगनं जोडतो, घासून चकचकीत करतो आणि शाबासकीची वाट बघत बसतो. तुम्ही येता, हातात घेऊन बघता, अन् दगडावर आपटता. दोन तुकडे. "हे लुगडं नाही बाबू, गाठ मारून नेसाले. उतारावर तुटला असता त सारेच गेले असते." दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्या जीपला जाड ॲक्सल बसवला. मी विचारलं, जाड कायले? तुम्ही पाना न थांबवता म्हणालात, "हिच्यात रोज माणसं जातेत. आधी गाडी कायले पाहिजे ते पाह्य, मंग लोखंडाकडे पाह्य."

लोखंडाकडे पाहिलं तर जावयाचं बरोबर आहे. एवढ्या टायरांना जुना ॲक्सल पुरत नाही. टायर लहान करा, नाहीतर ॲक्सल जाड करा, तिसरा रस्ता नाही. पण गाडी कायले? तर पुढच्या बांधीत आणखी आत जायला. म्हणजे माझ्याच हातानं मी त्या बाईचे उरलेले पऱ्हे तुडवायचे, आणि वर वाण म्हणून ओवाळायचं! त्या मोडक्या ॲक्सलला आम्हा सगळ्यांपेक्षा अक्कल जास्त होती. आणि नाही म्हणावं, तर जावई रुसतो, लेकीचं माहेर तुटतं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

काल धोंड्याच्या पंगतीला जावयानं विचारलंच, "मंग कधी टाकता, मामाजी?"

"तुमच्या मॉडेलले जाड ॲक्सल बसत नाही, बापू," मी म्हणालो. धडधडीत खोटं. तसल्या दोन जीपांना मी माझ्या हातानं बसवले आहेत.

त्यांनी लगेच मान डोलावली. "तुम्ही म्हणता म्हणजे नसनच बसत. जुन्याच मापाचा टाका, अन् टायरबी लहान करून द्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या भरवशानं मला माझीच किळस आली. लेक अनारसे वाढत होती. ती गॅरेजातच वाढलेली, कोणत्या गाडीला काय बसतं ते तिला तोंडपाठ. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिनं माझ्या ताटात एक अनारसा जास्तीचा ठेवला आणि पुढं गेली.

तुम्ही तोंडावर नाही म्हटलं असतं. मला जमलं नाही. आणि तुम्ही जिते असता, तर हे तुम्हाला सांगायलाही मी आलो नसतो.