डोहातलं बियाणं

प्रिय रहीमचाचा,

उद्या अडाण नदीच्या काठी सभा आहे. भोई येतील, कुणबी येतील, तुमच्या आळीतले पिंजारी येतील, मंगरूळच्या बाजारात दुकान मांडणारे दोन-चार व्यापारीही येतील. एरवी या मंडळींचं एकमेकांशी कुठं पटतं? पण एका गाऱ्हाण्यावर सगळ्यांचं एकमत आहे. नदीतला मासा गेला! भोयाचं जाळं रिकामं येतं. कुणब्याच्या घरी बाळंतिणीला मरळीचा रस्सा मिळत नाही. डोहाकाठी संध्याकाळी बसावं, तर डासांखेरीज कोणी भेटायला येत नाही. 'आमचा मासा कोणी नेला?' असं उद्या हे लोक मला विचारणार आहेत.

उत्तर मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होतं, पण तुम्ही ते कधी कोणाजवळ बोलला नाहीत. म्हणून सभेत तोंड उघडण्याआधी तुम्हाला लिहितो आहे. तुमच्यापुढं आधी बोललो, म्हणजे उद्या लोकांपुढं जीभ अडखळणार नाही.

चाचा, मला तुम्ही आठवता ते उंबराखाली. पिराच्या चौथऱ्याला टेकून बसलेले, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. हिवाळाभर गावाच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा, आणि उन्हाळा लागला की डोह राखायचा. ही राखण तुम्हाला कोणी दिली होती? पगार नाही, सनद नाही. तुमचे वालिद करत होते म्हणून तुम्ही करत होतात. चैत्र सरत आला की भोई आपापली जाळी घेऊन यायचे आणि उंबराच्या फांद्यांवर टांगायचे. पोळ्यापर्यंत ती तिथंच. पिराच्या धाकानं कोणी काढत नसे, कोणी चोरत नसे. वारा आला की सगळं झाड मोठ्या कोळिष्टकासारखं हलायचं.

आणि खाली डोह! काळाशार, हत्ती बुडेल इतका खोल. दर गुरुवारी, तुमच्या जुम्मेरातीला, तुम्ही कणकेच्या गोळ्या टाकायचात. मरळ यायची, वाम यायची, मिशा हलवत शिंगाळा यायचा. ज्याचा नवस फिटला, तो दुरून घागरीत जिवंत मासा आणून डोहात सोडायचा. हिंदू आणायचा, मुसलमान आणायचा. एकदा कारंज्याचे एक जैन सावकार पोर तापातून उठलं म्हणून आले, आणि घागर आपल्या हातानं पालथी करून गेले.

मी हे सगळं पाहिलं आणि हसलो. मी शिकलेला होतो ना, गावचा मास्तर! पेटीभर पुस्तकं वाचली होती. माशाला अभय देणारा पीर आणि पिराला भिणारा माणूस, दोघंही मला अडाणी वाटत होते.

मग ते कोरडं वर्ष आलं. ज्वारी कणसात भरली नाही. भोयांच्या चुली थंड पडल्या. मी दारोदार फिरलो, लेकरांचे दंड पाहिले, आणि माझं डोकं पेटलं. माणूस उपाशी आणि डोहातला मासा गलेलठ्ठ, हा कुठला न्याय? डोहाकाठच्या काळ्या खडकावर उभं राहून, 'पिराचं भय खोटं आहे' म्हणत मी जे भाषण केलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. तसं भाषण मी नंतर स्वराज्यावरही केलं नाही. लोक रडले. चाचा, माझा राग खोटा नव्हता. भूक खरी होती. तेवढं तरी माझ्या पदरात टाका.

भाषण संपलं तेव्हा तुम्ही उठलात. टोपी सारखी केलीत आणि मला म्हणालात, "भाषणराव, लोकं उपाशी हायेत, मले का दिसत नाही? मासा खा ना. गळ टाका, घराले एक-एक घेऊन जा. काठच्या पान्यातला घ्या. पन खोल पान्यात जाळं टाकू नका रे. तिथं बियानं हाय."

मी काय उत्तर दिलं, आठवतं? विसरला नसालच. मी लोकांकडं वळलो आणि म्हणालो, "घ्या! चाचा आता मासे पेरायला निघाले!"

केवढा हशा पिकला! तुम्हीसुद्धा थोडं हसलात. मग खाली बसलात.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. पहिलं जाळं पडलं, ते मरळींनी भरून वर आलं. लोकांनी ते ओलं जाळं माझ्या खांद्यावर शालीसारखं पांघरलं. मी मिरवलो. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांचे लोक गाड्या जुंपून आले. त्यांच्यातल्या कोणीतरी गेळाची फळं कुटून पाण्यात टाकली. मासा गुंगून पालथा वर यायला लागला. हाताएवढे, बोटाएवढे, नखाएवढे. सगळे! तिसऱ्या दिवशी खाणाऱ्यांची पोटं भरली होती आणि अर्धा मासा काठावर सडत पडला होता. ती घाण एकट्यानं फावड्यानं पुरणारा माणूस मी घराच्या ओट्यावरून पाहिला. तुम्ही एकदाही मान वर करून माझ्याकडं पाहिलं नाहीत. पाहायला हवं होतं हो! शिवी तरी द्यायची!

मला वाटलं, एक डोह गेला, नदी तर आहे. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. नाले वाहिले, ओढे वाहिले, आणि भोई जाळी घेऊन धावले. जाळ्यात पाला आला. त्याच्या पुढच्या वर्षीही पालाच. तेव्हा कुठं माझ्या पुस्तकी डोक्यात उजेड पडला. उन्हाळ्यात सगळी अडाण आटते, फक्त हा डोह उरतो. नदीचा सगळा मासा चार महिने इथं जीव धरून बसतो, आणि पूर आला की इथूनच वर-खाली, नाल्या-ओढ्यांत, पार शेताच्या बांधापर्यंत पसरतो. आपण नुसता एक डोह उपसला नव्हता. कोसा-कोसाच्या पाण्याचं बियाणं तीन दिवसांत भाजून खाल्लं होतं! कोणता कुणबी कितीही उपाशी असला तरी बियाण्याची कणगी फोडतो? शेतात जी अक्कल आपल्याला आहे, ती पाण्यात कशी नाही सुचली?

मासा गेला तसे बाकीचेही गेले. खंड्या दिसेना. पाणमांजराचं जोडपं पहाटे खडकावर खेळायचं, ते कुठं गेलं देव जाणे. पिराचा धाकच उरला नाही, तर काठच्या झाडांची भीड कोण धरणार? जांभळी आणि करंज तुटले, गाड्या भरभरून कापसाच्या जिनिंग गिरणीच्या बॉयलरमध्ये गेले. सावली गेली, पाणी तापायला लागलं. सखू भोयणीचा जावई धनजकडं मजुरीला गेला तो परतलाच नाही. नदीकाठचा माणूस सरकीची पोती उचलतो आहे.

एकदाच तुम्ही बोललात. मी तोंड चुकवून चाललो होतो, तुम्ही हाक मारलीत.

"काहून पळून राह्यला रे? ये, बैस."

मी बसलो. म्हणालो, "चाचा, पीर मानत नाही मी अजून. पण माझं चुकलं."

"पिराले काय फरक पडते तू मानला का नाही मानला? तो कवाचा मरून गेला. ऐक. धाक होता तवरी जाळं झाडावर होतं. तू धाक काढला. काढला तं काढला. आता त्याच्या जाग्यावर काय ठेवतं, ते सांग."

शेकडो लोकांपुढं तास-तास बोलणारा मी, तुमच्या एका प्रश्नापुढून उठून घरी निघून गेलो. रिकामी जागा करायला मी शिकलो होतो, ती भरायला शिकलो नव्हतो.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. दर पावसाळ्यानंतर चार कोसांवर पलीकडच्या नदीच्या डोहावर जायचं, घागरीत मासे आणायचे, इथं सोडायचे. आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी ते जाळ्यानं काढून न्यायचं. तुम्ही अडवायला गेलात की ते म्हणायचे, "मास्तरनंच तं सांगतलं, पिराचं भेव खोटं हाय म्हून!" माझं वाक्य त्यांनी तुमच्या तोंडावर फेकलं, आणि हे मला नंतर लोकांकडून कळलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत चाचा? तेव्हाच सांगितलं असतं तर तेव्हाच आलो असतो. तुमच्यावर माझा हा एक राग आहे, आणि तो राहणार.

कार्तिकात तुम्ही गेलात. तुमच्या चाळिसाव्या दिवशी मी आलो, तेव्हा काठावर सखू भोयण उभी होती. डोक्यावर घागर, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं.

"काय आणलं सखूबाई?"

"चाचाच्या नावानं मासे. फुलं कायले टाकू? त्यायले फुलं आवडत नव्हते."

तिनं घागर पाण्यात टेकवली आणि हळूच कलती केली. चार मरळी, दोन शिंगाळे. निघून गेले. मला काय झालं कोण जाणे, मी तिथंच चिखलात बसून रडलो.

सखू म्हणाली, "उठा मास्तर, धोतर भरलं. तुमी भाषन केलं तवा टाळ्या मीच जास्त वाजवल्या होत्या. आता एकट्यानं रडून राह्यले, मले काई वाटा द्या!"

तेव्हापासून आम्ही दोघं जातो, आणि आता आणखी सहा घरं आमच्याबरोबर येतात. पहिल्या खेपेला मी घागर काठोकाठ भरली, जास्त पाणी म्हणजे जास्त सुख असं समजून. अर्ध्या वाटेत सगळे मासे मेले. सखू म्हणाली, "घागर अर्धी भरा जी! त्यायलेबी श्वास लागते. इतकं वाचलं, हे नाही वाचलं?" मग शिकलो. अर्धी घागर, पहाटेची वाट, दर नाल्याला पाणी बदलायचं, आणि चालताना हात घालून पाणी ढवळत राहायचं. सखू तोंडानं नावं मोजते. मरळ झाली, वाम झाली, शिंगाळा झाला, झिंगे राहिले. एकच जात आणून भागत नाही म्हणते. "नुसत्या मरळी सोडल्या तं एकमेकीले खातीन." करंजाच्या बियाही आम्ही काठावर लावल्या, त्यांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. वाळ्याची ठोंबं पाण्याच्या कडेला रोवली, त्यांनी माती धरली आहे.

आणि चाचा, ऐका! परवा दुपारी उंबराच्या मुळ्यांशी मी वाकून पाहिलं. लालसर, सुईएवढी पिल्लं. मरळीची! झुंडच्या झुंड, आणि खाली त्यांची आई पहारा देत होती. आम्ही सोडली नव्हती ती. ती डोहातच जन्मली! एक खंड्या फांदीवर बसला होता. त्यालाही बातमी लागलेली दिसते.

म्हणून उद्याची सभा. पाणी आटत चाललं आहे, मासा आता डोहात गोळा होईल, आणि पुढच्या बाजारापर्यंत कोणीतरी जाळं घेऊन येईल. या उन्हाळ्यात डोह वाचला तर पुरात बियाणं सगळ्या नदीभर जाईल. नाही वाचला तर पुन्हा घागर आणि पुन्हा चार कोस.

मी भ्यालेलो नाही. बाजारात एकानं मला हटकलंच, "का मास्तर, पीर तवा खोटा होता, आता खरा झाला का?" मी म्हणालो, "पिराचं मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही. चाचाचा नियम मात्र तेव्हाही खरा होता." भोयांचं पोट कशावर चालेल, हेही सखूनं ठरवलं आहे. खालच्या पात्रात गळ टाकायला मोकळीक, डोहात काही नाही. "तसंबी जाळ्यात आता चिखलच येते," ती म्हणते, "चिखल सोडाले कायची हिंमत लागते?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आता कुठं सापडलं. धाकाच्या जागी समज ठेवायची. समज धाकापेक्षा जड असते, घरोघर नेऊन पोचवावी लागते, आणि ते काम माझं आहे. मी तुम्हाला वचन देतो, जिवंत असेन तोवर दर चैत्रात मी या खडकावर उभा राहीन आणि त्या तीन दिवसांची हकीकत सांगेन. माझा विनोद, लोकांचा हशा आणि तुमचं फावडं, यातलं काही गाळणार नाही. जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांनाही ती पाठ होईल.

ते पहिलं जाळं अजून माझ्याकडं आहे. इतकी वर्षं पुस्तकांच्या पेटीवर भिंतीला मानानं लावलं होतं. आज खाली काढलं, धूळ झटकली. उद्या भाषण लांबवणार नाही. एवढंच म्हणेन: भावांनो, बहिणींनो, मासा कोणी नेला विचारता? मी नेला, तुम्ही नेला. आता उठा, घरी जा, खुंटीवरचं जाळं काढा आणि पोळ्यापर्यंत या उंबरावर आणून टांगा. आजच, ऊन उतरायच्या आत.

पहिलं जाळं माझं असेल.

तुमचा,
भाषणराव